तिसरं दुकान

माथाड्यांचा पगार झाला की
तुर्भे नाक्यावर, मढवीशेठच्या लॉटरी सेंटरात
खुर्च्या पुरायच्या नाहीत.
मी गोणपाट अंथरायचो, गल्ला मोजायचो.

मग समोर काचेचं दुकान आलं.
आत एसी, वर फुकट चहा.
शेठ म्हणाले, बुडालो.
पण त्या महिन्यात आमचाही गल्ला फुगला.
तिकडे हरलेला इकडे हात बदलायला येई,
इकडचा तिकडे.
नाक्याचं नाव झालं,
कोपरखैरण्याहून शेअर रिक्षा करून माणसं आली.

तिसरं उघडलं पुलाखाली.
तेव्हा कळलं.
मंगळवारचे अकरा हजार,
पुढल्या मंगळवारी सात,
मग साडेचार, त्यातही फाटकी नोट.
शेठने चहा सुरू केला,
मग चहाबरोबर खारी,
मग उधारी.

खिसे तेवढेच होते.
भोकं वाढली.

काल रंगनाथ शेडगे आला, कांदा-बटाटा मार्केटचा,
खांद्यावर गोणीचा वळ तसाच.
खेळायला नाही.
काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,
तू हिशेब पक्का ठेवतोस म्हणे.
बघ की, तिन्हीकडे मिळून
माझे किती गेले?

मी वही उघडली.
पानं उलटली, पुन्हा उलटली.
रकाने सगळे होते:
जमा, खर्च, वीज, हवालदार,
समोरच्यामुळे घट, पुलाखालच्यामुळे घट.

शेडगेचा रकाना नव्हता.

तो थांबला थोडा वेळ.
मग म्हणाला, राहू दे,
आणि खारीचा एक तुकडा उचलून गेला.