झडप

शिरोलीच्या शेडमध्ये, तिसऱ्या पाळीला
बाबालाल मुजावर साच्यात वाळूचा गाभा बसवतो.
जिथं गाभा, तिथं पोकळी.
पोकळी हाच माल, म्हणतो तो,
लोखंड काय, भोवतीनं आपसूक येतंय.

सोळा इंची बॉडी. ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाचं नाव नाही,
नुसता नंबर.
कुठल्याशा समुद्राखालून जाणाऱ्या नळीच्या
मानेवर बसायचं आहे तिला.
मराठीत हिला झडप म्हणतात.
घारही तीच घालते.

मी तपासनीस. दाबाखाली अर्धा तास ठेवतो,
थेंब गळत नाही म्हणून सही करतो.
बंद केल्यावर घट्ट बंद होते का,
एवढंच मला विचारलंय.
बंद कोण करणार, कुणावर,
हा रकाना फॉर्मात नाही.

मग एका बुधवारी
दोन लांबच्या देशांचं काहीतरी बिनसलं.
गोळी सुटली नाही.
कुणीतरी चाक फिरवलं, उजवीकडं, चौदा फेरे.
टीव्हीवर नकाशा, नकाशावर लाल बाण,
आणि इथं लाडल तापवायच्या बर्नरची ज्योत
निळ्याची पिवळी झाली,
मग नुसताच फुस्स आवाज.

हुपरीत पैंजणाला डाख द्यायचा राहिला,
एका पायाचं तयार, एका पायाचं नाही.
खासबागेजवळ कटाचं पातेलं
भिजक्या लाकडांवर धुमसत होतं,
मिसळीला धुराचा वास.

सिलिंडरच्या रांगेत आक्कुबाई नेजदार म्हणाल्या,
कुणाचं भांडण हाय गा हे?
मी नकाशा सांगायला लागलो.
त्यांनी हातानंच थांबवलं.
आमच्या भावकीत बी हेच.
हीर दोघांची, मोटरची चावी
थोरल्याच्या करदोड्याला.
फिरवाय लागत न्हाई रं ती.
बांधावरनं चालताना नुसती वाजवायची.
तेवढ्यानं धाकट्याचा ऊस
हात जोडून उभा ऱ्हातोय.

त्यानंतर नकाशा मी कुणाला सांगितला नाही.

शनिवारी मालक पेढे घेऊन आला.
ऑर्डर दुप्पट. दोन्हीकडची.
त्यांना ह्यांच्यावर बंद करायला,
ह्यांना त्यांच्यावर.
नमुना एकच, साचा एकच, रंग तेवढा वेगळा.

पण गार लाडलमध्ये रस ओतला तर उडतो.
बाबालालच्या डाव्या दंडावर त्याची खूण आहे.
तो काही बोलला नाही.
स्कूटर काढली, वडणग्याच्या गुऱ्हाळावरनं
उसाच्या चिपाडांचे दोन भारे आणले,
लाडलच्या पोटात पेटवले.
शेडभर काकवीचा वास.
पहाटे चारला रस उतरला, पिवळाधमक,
कुठल्याही देशाचा नसल्यासारखा.

आता पेट्यांना खिळे ठोकतायत.
शेवटचं झाकण लावायच्या आधी
बाबालालनं तिच्यात हात घातला, कोपरापर्यंत,
वाळूचा कण राहिलाय का बघायला.

काय हाय आत? मी विचारलं.
पोकळी, म्हणाला.
बिलात तिचं वजन धरत न्हाईत.