पाऊण डझन

खोडवे आले ते काठी घेऊन,
धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, नवरदेवाच्या कट्यारीसारखी जपत.
म्हणाले, "वहिनी, हिला बांगड्या भरायच्यात."
दुकानात दोघीजणी हात पुढं करून बसलेल्या,
त्या फिसकन हसल्या.
मी नाही हसले. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

छावणीच्या आठवडी बाजारात मिळालेली काठी.
वेळूच्या सहा चिपा एकीला एक डकवलेल्या,
कुण्या जुन्या साहेबाची, पिसाची माशी पाण्यावर फेकायची.
कड्या नऊ होत्या म्हणे. उरली होती एक,
तिला बोट लावलं तर तांबडी पूड.
बाकीच्यांच्या जागी फिकट खुणा,
चुडा उतरवल्यावर हातावर राहतात तशा.

खोडवे धरणावर होते. नाथसागराच्या भिंतीवरची पट्टी वाचायचे,
सकाळी आठला, संध्याकाळी पाचला,
तीस वर्षं.
वहीत लिहूनच आणलं होतं,
जुनी कडी आतून किती, बाहेरून किती,
आणि हुबेहूब तशाच नऊ.

मी म्हणलं, आधी दोरी दाखवा.

दोरी नवी. केशरी, प्लास्टिकची, शेवईपेक्षा जाड.
साहेबाची रेशमाची असणार, बारीक.
हिच्या टोकाला तंगूस बांधलेला,
ती गाठ मी चिमटीत फिरवली. ज्वारीचा दाणा.
"भाऊ, मनगटाच्या मापाची बांगडी
मनगटापर्यंत पोचतच नसते.
माप पंजाचं घ्यायचं, अंगठ्याच्या बुडाच्या हाडाचं.
ही गाठ म्हणजे ते हाड."

(त्यांची मालन. पंजा रुंद, मन हौशी.
सव्वादोनच भर म्हणायची, लागायच्या अडीच.
दर खेपेला दोन-तीन वाढायच्या, ती डोळे मिटून घ्यायची.
त्यांनी कधी माप विचारलं नाही. आता विचारून काय.)

"मग सगळ्याच मोठ्या करा," खोडवे म्हणाले.
केल्या. अन्वरच्या सायकल दुकानातल्या आऱ्यांची तार,
खिळ्यावर वळवून, नऊच्या नऊ सारख्या.
दोऱ्यानं कच्च्या बांधल्या, काठी हलवून बघितली.
शेंडा जड. गेला, आणि उशिरा परतला,
पहिल्यांदा पाटल्या घातलेली पोर
ताटातला घास उचलते तसा.

उतरत्या मापाची भरणी मी कधी केली नव्हती.
आमच्याकडं हाताला सगळ्या सारख्या.
आतून डबे काढले. दाणे मांडले फरशीवर.
शेंड्याची, तूर सुटेल एवढी.
तिच्या खालच्या चार तशाच, तार मात्र बारीक.
मग तीन हरभऱ्याच्या.
मुठीजवळ, जिथं दोरी हातातून भसकन उठते,
तिथं एक चिंचोक्याची.

रेशीम मागावरच्या सरलानं दिलं, पदर उतरवल्यावर उरलेली टोकं,
मोरपंखी. पीळ न सोडता गुंडाळायचं,
नखानं शेजारी शेजारी दाबत.
आठवी बसवताना ताठ ओढली आणि ती वाढली.
तुटली म्हणायचं नसतं आमच्यात.
दुसरी वळवली.

जुन्या खुणांवर सहाच बसल्या.
तिघींना सरकावं लागलं, त्यांचे डाग तसेच उघडे.
खोडव्यांना ते खुपलं. "होती तशी नाही राहिली."
मी म्हणलं, "पाणी तरी कुठं राहायचं?
रोज दोनदा तुम्हीच लिहीत होतात ना?"
ते काही बोलले नाहीत.
दोरी ओवली, आणि ओढली हळूहळू,
चिंचोक्यातून हरभऱ्यात, हरभऱ्यातून तुरीत.
गाठ शेंड्यापाशी आली तेव्हा
मी त्यांचा अंगठा बघत होते.

गेली. नुसतं सुळकन.

"किती झाले?"
"नऊ. पाऊण डझनाचे द्या."
"आणि ती मोडलेली?"
"वाढलेली," मी म्हणलं. "भरताना वाढली की कासाराची."
त्यांनी पाकीट काढलं, सुट्टे मोजत बसले,
पैशापैशाचा हिशेब.

आत लेकी भांडत होत्या,
डावातला एक चिंचोका कमी पडतो म्हणून.