लोटन मिस्तरीचा नांगर

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार संपतो तिथे,
पाळणा आणि मौत का कुआँ यांच्या मधल्या बोळात
लोटन मिस्तरी बसायचा. मी त्याचा भाचा,
वय नऊ, काम एकच: ट्रॅक्टरची बॅटरी
लाथांपासून सांभाळायची.
घोड्यांच्या नव्हे, गिऱ्हाइकांच्या.

मशीन त्याचं स्वतःचं.
शाळेच्या घंटीची कॉइल, बॉलपेनची नळी, शिलाईची सुई.
सुरू केलं की चिंचेच्या शेंगेत भुंगा अडकल्यासारखं वाजायचं,
आणि भलेभले पैलवान वर केलेली बाही
हळूच खाली ओढायचे.
"दुखई का?"
"मुंगी चावस तितलंच."
कुठली मुंगी, ते मामा सांगायचा नाही.

प्लायवूडच्या फळीवर नमुने.
विंचू दोन रुपये, मारुती पाच,
हातात डोंगर हवा असेल तर सात.
अक्षराला चार आणे, जोडाक्षराला आठ,
म्हणून कृष्णा नावाचे लोक नुसता 'क' काढून जायचे.

आणि कोपऱ्यात, जहाजाचा नांगर.
तो मिळाला भुसावळला.
लोको शेडमधला पर्सी फायरमन, कोळशाने काळा, दंडावर निळा.
आज्याने कुठल्याशा बंदरात काढून घेतलेलं चित्र
बापाने घेतलं, मग याने.
इंजिन पाणी पीत होतं तेवढ्या वेळात
मामाने ते विडीच्या कागदावर उतरवलं.
"याला म्हणतात काय?"
"नांगर."
मामा हसला. "मग जू कुठंय?"

तापीकाठी समुद्र कोणी पाहिलेला?
तरी रावेरचे केळी भरणारे हमाल हेच चित्र मागायचे.
कोणी म्हणे त्रिशूळ पालथा पडलाय, कोणी म्हणे टिकाव.
शिरपूरच्या एका म्हातारीने मात्र गळ ओळखला
आणि "मग मासा कुठंय" म्हणून
भांडून मासा काढून घेतला, फुकट.

फडातली केसर दर दोन वर्षांनी यायची.
'दिगंबर'चा मोर झाला,
'हिरामण' त्या मोराच्या पिसाऱ्यात गेला.
तिसऱ्या खेपेला मामा म्हणाला,
"आता कोपर लागलं, केसर. जपून."

"माले लिखता येत नही, भो. काढता येस."
चिठ्ठी समोर धरायची, तो बघून काढायचा,
पहिलीत न गेलेला माणूस, अक्षर न चुकवता.
फक्त वेलांटीच्या टोकाला नांगी यायची.
हात आधी विंचवावर बसलेला.

एका भाद्रपदात प्रकाशाच्या पुलाखाली प्रेत लागलं.
शहाद्याचे जमादार मामाला फटफटीवर घालून घेऊन गेले,
मी मध्ये दाबलेला.
चेहरा मासळीने नेलेला. दंड शाबूत.
मामा उकिडवा बसला,
वेलांटीवरून बोट फिरवलं, जणू अजून ओली आहे.
"हाई नांगी मन्ही शे."
"नाव काय लिहिलंय?"
"ते तुम्ही वाचा, साहेब. मी काढलं फक्त."
मग थांबून म्हणाला,
"हाऊ मधीच शिंकना व्हता. हाऊ ठिपका देखा.
संगे बहीण व्हती, यावलनी. तिनीच चिठ्ठी आनी."
बहीण सापडली.
परत येताना पेट्रोलला पैसे मामानेच दिले.

पुढे एका सुईची भीती आली, गावोगाव पत्रकं वाटली गेली.
मामा सुया उकळत राहिला,
समोर बसायला कोणी नव्हतं,
चहाच्या टपरीसारखी वाफ नुसती.
भरतीला जाणारी पोरं तर
काढलेलं कसं घालवायचं, तेच विचारायला यायची.

मी आता धुळ्याला फ्लेक्स छापतो.
वेलांट्या कॉम्प्युटर काढतो, सगळ्या सारख्या,
कोणाची म्हणून सांगता येत नाही.

माझ्या पोटरीवर एक नांगर आहे, किंचित तिरका,
कारण त्या वेळी बॅटरी धरायला कोणी नव्हतं.
लोक विचारतात, तुम्ही जहाजावर होता?
नाही, म्हणतो.
सारंगखेड्याला होतो.