हुकूम उशिरा पोचतो

आल्टेनबुर्ग. फेब्रुवारी. साडेचारलाच दिवे लागलेले.
खाली बेकरीचं शटर पडलं की रोस्विता त्शाऊ
टेबलावरच्या बशा उचलते आणि सूर्यमाला मांडते:
मधोमध कॉफीच्या बरणीचं झाकण, तो तारा,
भोवती सुतळीची सहा वर्तुळं,
त्यातली दोन जरा वाकडी.

सदतिसावी आवृत्ती.
चोवीस वर्षं तिने इथल्याच कारखान्यात पत्त्यांच्या कडा तपासल्या;
नुसतं बोट फिरवून सांगायची, कुठल्या यंत्राचं पातं बोथट झालंय.
आता स्वतःचे पत्ते ती भाजीच्या कात्रीने कापते
आणि कडांकडे बघत नाही.

पहिल्या नियमाला वर्ष लागलं.
हातातली पानं हेच इंधन.
जहाज एक वर्तुळ पुढे न्यायचं तर एक पान जाळायचं.
म्हणजे जो लांब जाईल
तो रिकाम्या हाताने पोचेल.
हे सुचल्यावर तिने बाकीचं फाडून टाकलं:
फासे, परग्रहावरचे राक्षस,
तीन रंगांचं खनिज, जे कुणी मोजतच नव्हतं.

दुसऱ्या नियमापाशी गाडं अडलं.
इथे जो तो लहानपणापासून स्काट खेळलेला.
हुकूम टाकला की हात आपला,
तोही लगेच, टेबलावर मूठ आपटून.
शेजारचा हार्टमुट ती मूठ पाचव्या वर्तुळावर आपटतो
आणि तारा उडून सिंकमध्ये पडतो.
प्रकाशालासुद्धा वाट चालावी लागते
हे पत्त्यांना कसं शिकवायचं?

शेवटी तिने ठरवलं: हुकूम उपडा ठेवायचा, आपल्या ग्रहापाशी.
दर फेरीला एक वर्तुळ सरकवायचा.
पोचला की उलटायचा. मधे कुणी हात लावायचा नाही,
ज्याने टाकला त्यानेही नाही.
चौथ्या वर्तुळावरचा ताफा चार फेऱ्यांनी ऐकतो.
निघताना हुकूम होता, पोचतो तेव्हा नुसतं पान:
ज्याच्यावर तोफा डागायच्या, तो केव्हाच निघून गेलेला
किंवा मधल्या काळात मित्र झालेला.

"खेळ आहे की टपालखातं?" हार्टमुट वैतागतो.

थुआन तोवर गप्प होता.
सत्त्याऐंशी साली शिवणकामाला आला, आता स्टेशनसमोर फुलं विकतो,
आणि दर गुरुवारी न विकलेली ट्यूलिप घेऊन खेळायला येतो.
"हायफाँगला पत्र जायला सहा आठवडे लागायचे," तो म्हणाला.
"आई विचारायची, थंडी फार आहे का?
मी वाचायचो तेव्हा इथे घाम.
मग मी तिच्या प्रश्नांची वाट बघणंच सोडलं.
एप्रिलातच लिहून टाकायचो:
लिची यंदा गोड निघाली ना?"

आणि त्याने, ज्या पत्त्यावर कुणीच नव्हतं
तिथे पत्ता धाडला.
सहावं वर्तुळ, टेबलाची कड, पलीकडे रेडिएटर.
हार्टमुट हसला.
फेरीमागून फेरी ते उपडं पान
बोटभर सरकत राहिलं.
सगळे त्याला विसरले, बहुधा थुआनही.

सहाव्या फेरीला रोस्विताचं जहाज तिथे येऊन थांबलं.
हातात एक पान नाही. परतीचा प्रश्नच नव्हता.
थुआनने पान उलटलं.
रसद.

"पण आपण एकमेकांच्या विरुद्ध आहोत," ती म्हणाली.
"हो," थुआन म्हणाला.

पोचलेलं पान कुणाचं?
तिने सगळी वही चाळली. हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.
आईच्या शेवटच्या पत्राचं काय झालं ते थुआनने सांगितलं नाही,
आणि हार्टमुटने, नवल म्हणजे, विचारलं नाही;
त्याने फक्त झाकण पुसून पुन्हा मधोमध ठेवलं.

रोस्विताने पेन्सिलीला टोक केलं.
तिसरा नियम: पान पोचेल तेव्हा तिथे जो असेल, त्याचं.
"त्याचं" खोडलं. "तिचं" लिहिलं. तेही खोडलं.

मग जिंकलं कोण, हार्टमुटचा प्रश्न.
गुण कसे मोजायचे
ते अजून ठरायचंय.