बुटांवरचा बर्फ

हर्णैला बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी,
खडखडत चुरा होऊन सुरमईवर पडणारी.
आभाळातून पडणारा पहिल्यांदा पाहिला
कारखान्याच्या ऑफिसातल्या टीव्हीवर, रविवारी सकाळी.
जपान्यांनी काढलेलं गोऱ्यांचं गाव,
आणि ती पोर बोलायची हिंदीत.
कुणालाच काही खटकलं नाही.

तिचा बाप जहाजावर गेलेला.
ती धक्क्यावर उभी. भागभर एवढंच:
पाव कापणं, खिडकी पुसणं, वारा.
डोळे बांगड्याहून मोठे, प्रमिला म्हणायची.

शेवटच्या भागाला लाईट गेली.
बाबांची होडी चौथा दिवस बाहेर,
बंदरावर बावटा चढलेला.
हमीदा तेव्हा आंजर्ल्याला, मामाकडे,
तिथे बॅटरीवर टीव्ही चालायचा.
संध्याकाळी आली नि जाळ्यांच्या ढिगावर बसून सांगत गेली:
शिडं दिसली, बाप उतरला, दाढी पांढरी,
पोरीनं आधी त्याच्या बुटांवरचा बर्फ झाडला.

बाबा सहाव्या दिवशी आले. अनवाणी.
मी पायांवरची वाळू झाडली.
ते म्हणाले, हे काय गो नवीन?

परवा लेकीच्या मोबाईलवर सापडला तो भाग.
जहाज येतं.
एक खलाशी पोरीच्या हातात टोपी देतो,
मग नुसता समुद्र,
बराच वेळ, संगीतसुद्धा नाही.

हमीदाला फोन लावला.
आधी पापलेटचा भाव काढला, मग तिच्या गुडघ्यांची चौकशी.
मग म्हटलं, बुटांवरचा तो बर्फ
आणलास कुठून?
थोडी थांबली.
"कारखान्यातून," म्हणाली.