मरायचंय का

आमच्या गावात हा प्रश्न दिवसातून दहादा विचारला जातो.
वळणावर ट्रकला ओव्हरटेक करणाऱ्या पोराला,
ओल्या हातांनी प्लग ओढणाऱ्या दोसिंदाला,
धक्क्याच्या कठड्यावर झोपलेल्या मांजरालासुद्धा:
मरायचंय का?
उत्तरासाठी कुणी थांबत नाही.

मला तर तो पगारापेक्षा नेमाने मिळतो.
मी पेर्सेबेस खरवडते.
अटलांटिकच्या जबड्यातल्या खडकांवर वाढणारी
म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखी ती कुरूप शिंपली,
नाताळात माद्रिदची माणसं सोन्याच्या भावाने घेतात.
कमरेला दोर, हातात पातं,
ओहोटीच्या तळाशी, दोन लाटांमधल्या अकरा सेकंदांत
उतरायचं, खरवडायचं, वर.
पर्यटक कड्यावरून फोटो काढतात, म्हणतात
हिला मरणाची ओढ आहे.
सांतियागोत मानसशास्त्र शिकणारा माझा भाचा ब्राईस
म्हणतो, मावशी, ती सगळ्यांच्यातच असते,
जगण्याच्या ओढीला पाठ टेकून बसलेली.
असेल बाबा.
मी बारावा सेकंद अजून पाहिलेला नाही.
या किनाऱ्याचं नावच मरणाचा किनारा,
आणि इथल्या बायका दोराची गाठ तीनतीनदा ओढून बघतात.

अमारो कधी खडकावर आला नाही.
नगरपालिकेत शिक्के मारायचा.
रस्ता रिकामा असला तरी
हिरवा दिवा लागेतो उभा राहायचा, छत्री मिटून.
अख्ख्या गावात त्याला एकट्यालाच
कुणी कधी तो प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात
रात्री जेवायला काय, हे विचारणं त्याने सोडलं.
मग घड्याळाला किल्ली देणं.
डॉक्टरने साखर तोडली होती.
तो कॉफीत चार चमचे घालायचा,
माझ्याकडे बघत, सावकाश ढवळत.
मी म्हणायचे, अमारो, साखर.
तो म्हणायचा, हो, साखर.
आणि चमचा कपाच्या काठावर दोनदा वाजवायचा,
दारावर टकटक करावी तसा.
मला वाटायचं, जिभेचे चोचले.

काल ब्राईस शिडीच्या टोकाला
एका पायावर उभा राहून बल्ब बदलत होता.
सवयीने ओरडले, मरायचंय का?
आणि शिडी धरून तिथेच थांबले.
बल्ब लागला. त्याने वाकून पाहिलं.
काय झालं, मावशी?

सांग ना, म्हटलं.
विचारलंय तुला.