दोन धुण्यांनंतर

एरंडवण्याहून धायरीला येताना
रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, सावकाश.
तो म्हणाला, ताई, खड्डे माझे नाहीत.
वडगावच्या पुलापर्यंत मी बारा गतिरोधक मोजले,
उशी छातीशी धरून,
दुसऱ्या कुणाचं तान्हं बाळ सांभाळत असल्यासारखी.

आज नववा दिवस.
बसूनच झोपते, चार उशा पाठीला.
हात खांद्याच्या वर न्यायचा नाही,
म्हणून साखरेचा डबा वरच्या फळीवरच आहे
आणि चहा आठवडाभर अगोड.

पहाटे तीनला न्हाणीघरात दिवा लावते.
डावा वर, उजवा किंचित खाली,
दोन्ही ताठ, चकचकीत, गळ्याशी आलेले,
घाईत कुणी चुकीच्या खिळ्यांना टांगून गेल्यासारखे.
टाके मात्र बारीक. आतल्या आत घातलेले.
हात चांगला आहे बाईंचा, एवढं मला कळतं.

वीस वर्षं पिवळी टेप माझ्या गळ्यात आहे.
अर्ध्या धायरीची मापं माझ्या वहीत,
नवरीची, बाळंतिणीची,
एक बाजू काढून टाकलेल्या जोगळेकर बाईंची.
त्यांच्या ब्लाउजात मी कापूस असा बेतानं भरला
की त्यांनी आरशासमोर पदर दोनदा घेतला
आणि दोनदा काढला.
कुणाच्याच दोन्ही बाजू सारख्या नसतात हो,
हे मीच सांगते सगळ्यांना
तोंडात टाचण्या धरून.

माझं माप त्या वहीत नाही.
माझ्या ब्लाउजांना आतून स्पंजाचे दोन थर,
दुकान बंद करून, शटर अर्धं ओढून शिवलेले.
भिशी दोनदा लागली.
खरं तर ते नव्या ओव्हरलॉकचे पैसे.

टेप म्हणते पाऊण इंच.
पुन्हा धरते. म्हणते अर्धा.
माझा हात हलतोय की सूज सरकतेय?

डॉक्टर नगरकर म्हणाल्या, तीन महिने.
हळूहळू उतरतील, बसतील जागेवर,
आत्ताच काही ठरवू नका.
बसतील.
हा शब्द मी ओळखते, त्याच्यावर माझं दुकान चालतं.
‘दोन धुण्यांनंतर बसेल, नवं कापड आहे.’
बाई पिशवी घेऊन जिना उतरायच्या आतच
मला ठाऊक असायचं
कुठला ब्लाउज बसणार
आणि कुठला उसवायला परत येणार.
डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी तेच शोधत होते.
त्या फाईल बघत होत्या.

सुती कापड उसवायला सोपं असतं.

सासवडहून आत्या आली, अंजिरं घेऊन.
तिला सांगितलंय, गाठ होती, साधी, काढली.
तिनं अकरा शनिवार धरलेत माझ्यासाठी.
आज दुसरा.
मी वरणभात जेवते,
ती समोर बसून दोन अंजिरं खाते, पाणी पिते,
आणि माझा घास फिरत राहतो तोंडात.

मग तिनं माझे केस विंचरायला घेतले.
नऊ दिवसांचा गुंता, पण ओढलं नाही कुठं.
भांग तिरका पडला म्हणाली,
राहू दे, तुझा लहानपणापासून डावीकडेच पळतो.
थोड्या वेळानं, फणीतले केस बोटाला गुंडाळत,
‘गाठ काढली की बाई बारीक दिसते गं.’
मी काहीच बोलले नाही.
‘शनिवार मी मोडणार नाही,’ ती म्हणाली
आणि केर भरायला उठली.

संध्याकाळी डावीकडे एकदम झिणझिणी गेली,
मशीनची सुई बोटातून जावी तशी.
नऊ दिवस तिथं काहीच नव्हतं,
माझ्याच अंगावर दुसऱ्याची वस्तू ठेवल्यासारखं.
दुखलं. मी तशीच बसून राहिले,
पुन्हा दुखतंय का बघत.

फोनवर सातव यांच्या सुनेचे तीन मेसेज,
लग्न बावीसला आहे, अस्तर लावलं का.
नाही लावलं.
वही काढली, कोरं पान उघडलं.
हेमलता कुदळे.
तारीख.
डावी, उजवी, दोन्ही आकडे पेन्सिलनं,
आणि शेवटच्या रकान्यात, सगळ्यांच्या नावापुढे लिहिते तेच:
ट्रायल बाकी.